वजनाच्या शस्त्रक्रियेआधीचा आणि नंतरचा रुग्ण : महाराष्ट्रातील फॅमिली डॉक्टरांना खुले पत्र

प्रति,
महाराष्ट्रातील शहरांत, तालुक्यांत आणि गावांत जनरल प्रॅक्टिस करणारे सर्व डॉक्टर

सप्रेम नमस्कार.

तीव्र स्थूलतेवरील शस्त्रक्रिया, म्हणजे बॅरिॲट्रिक शस्त्रक्रिया, करणाऱ्या पुण्यातील एका पथकात मी आहारतज्ज्ञ म्हणून काम करते. आमच्याकडे येणारा रुग्ण शस्त्रक्रियेच्या मेजावर दीड-दोन तास असतो आणि रुग्णालयात फार तर तीन-चार दिवस राहतो. त्याआधीची दहा-पंधरा वर्षे आणि त्यानंतरचे उरलेले सारे आयुष्य तो आपल्या दवाखान्यात येत-जात असतो. या उपचाराचे यशापयश शल्यचिकित्सकाच्या हातावर जेवढे अवलंबून असते, तेवढेच ते आपण रुग्णाला केव्हा पाठवता आणि परत आल्यावर त्याच्याकडे कसे पाहता यावरही अवलंबून असते. असे असूनही या विषयावरची बहुतेक चर्चा मोठ्या रुग्णालयांत आणि शल्यचिकित्सकांच्या परिषदांतच होते आणि आपल्यापर्यंत येते ती फक्त जाहिरात. म्हणून हे पत्र थेट आपल्याला लिहीत आहे.

आमच्याकडे येणाऱ्या बहुतेक रुग्णांच्या जुन्या फायलींत एकच सल्ला वर्षानुवर्षे सापडतो : वजन कमी करा, गोड-तेलकट बंद करा, रोज चाला. आठ-दहा किलो जास्त असलेल्या माणसाला हा सल्ला योग्यच आहे. परंतु बीएमआय (उंचीच्या मानाने वजनाचा निर्देशांक) ३८ असलेल्या, मधुमेहाच्या तीन गोळ्या घेणाऱ्या आणि जिना चढताना दम लागणाऱ्या बाईला तोच सल्ला दहा वर्षे तसाच दिला जातो, तेव्हा तिच्यावर उपचार चालू आहेत असे म्हणता येत नाही. रक्तदाब एका गोळीने उतरला नाही तर आपण दुसरी देता. साखर गोळ्यांनी आटोक्यात आली नाही तर इन्सुलिन सुरू करता. वजनाच्या बाबतीत मात्र पहिला उपाय फसला की दोष रुग्णाच्या माथी मारला जातो आणि पुढचा उपाय सुचवलाच जात नाही.

हा दोष शास्त्राच्या कसोटीवर टिकत नाही. मेलबर्नच्या संशोधकांनी २०११ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात पन्नास स्थूल व्यक्तींना दहा आठवडे अतिशय कमी उष्मांकाचा आहार दिला होता. वजन उतरले, पण त्याबरोबर भूक वाढवणारे घ्रेलिन वाढले आणि तृप्ती देणारी संप्रेरके घटली, आणि वर्षभरानंतरही ही उलथापालथ पूर्ववत झाली नव्हती. अमेरिकेतील वजन घटवण्याच्या एका दूरचित्रवाणी स्पर्धेतील १४ स्पर्धकांचा सहा वर्षांनंतरचा अभ्यास २०१६ मध्ये आला. स्पर्धेत त्यांनी सरासरी ५८ किलो घटवले होते आणि त्यांतले ४१ किलो परत आले होते. विशेष म्हणजे सहा वर्षांनंतरही त्यांचे शरीर विश्रांतीच्या अवस्थेत अपेक्षेपेक्षा दररोज सुमारे ५०० उष्मांक कमी खर्च करत होते. मेंदू जुने वजन हेच योग्य वजन धरून बसतो आणि भूक वाढवून, खर्च कमी करून तिकडे परत नेतो. ज्याचे वजन पाच वेळा उतरून सहा वेळा चढले, त्याची इच्छाशक्ती कमी पडली असे म्हणण्यापेक्षा त्याचे शरीर हट्टाने आपले काम करत होते असे म्हणणे अधिक खरे आहे.

शस्त्रक्रिया या हट्टावरच काम करते. आज सर्वाधिक होणाऱ्या स्लीव्ह गॅस्ट्रेक्टॉमीत जठराचा सुमारे पाऊण भाग दुर्बिणीद्वारे काढून केळ्याच्या आकाराची नळी ठेवतात. बायपासमध्ये जठराचा वरचा छोटा कप्पा वेगळा करून तो थेट लहान आतड्याच्या पुढच्या भागाला जोडतात. पोट लहान झाले म्हणून माणूस कमी खातो, ही झाली अर्धी गोष्ट. उरलेली अर्धी संप्रेरकांची आहे. स्लीव्हनंतर घ्रेलिन घटते, अन्न आतड्यात लवकर पोहोचल्याने भूक आणि साखर आटोक्यात ठेवणारे जीएलपी-१ हे संप्रेरक वाढते, आणि बायपासनंतर तर अनेक मधुमेहींची साखर वजन उतरायला लागण्याआधीच, पहिल्या काही दिवसांत खाली येते. क्लीव्हलँड क्लिनिकमध्ये १५० मधुमेही रुग्णांवर झालेल्या चाचणीचे पाच वर्षांचे निष्कर्ष २०१७ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यांत एचबीए१सी (गेल्या सुमारे तीन महिन्यांच्या सरासरी साखरेचे माप) ६ टक्के किंवा त्याखाली राहिलेले रुग्ण बायपासच्या गटात २९ टक्के, स्लीव्हच्या गटात २३ टक्के, तर उत्तम औषधोपचाराच्या गटात ५ टक्के होते. या आकड्यांचा दुसरा अर्थही मी रुग्णांना सांगते : शस्त्रक्रिया होऊनही पाच वर्षांनंतर सत्तर टक्क्यांहून अधिक लोक त्या रेषेखाली नव्हते. ‘मधुमेहापासून कायमची मुक्ती’ असा फलक लावणाऱ्यांनी हा आकडा त्याच फलकावर लिहावा, असे मला वाटते.

स्वीडनमध्ये १९८७ साली सुरू झालेल्या प्रदीर्घ अभ्यासाचा निष्कर्ष तर आपल्यासाठी फारच बोलका आहे. शस्त्रक्रिया झालेल्या स्थूल रुग्णांचे आयुर्मान नेहमीचे उपचार घेणाऱ्या स्थूल रुग्णांपेक्षा सुमारे तीन वर्षांनी अधिक निघाले. तरीही ते सर्वसाधारण लोकसंख्येच्या तुलनेत साडेपाच वर्षांनी कमीच राहिले. मी याचा अर्थ असा लावते की, शस्त्रक्रियेच्या वेळेपर्यंत झालेले नुकसान पूर्ण भरून येत नाही. मधुमेहाचेही तेच आहे. मधुमेह होऊन पाच वर्षे झाली असताना केलेली शस्त्रक्रिया आणि पंधरा वर्षे काढून, इन्सुलिन सुरू होऊन, स्वादुपिंड थकल्यावर केलेली शस्त्रक्रिया यांच्या निकालांत पुष्कळ अंतर असते. आमच्याकडे रुग्ण बहुधा दुसऱ्या टप्प्यावर येतात, आणि तेही शेजारणीच्या किंवा सहकाऱ्याच्या सांगण्यावरून. डॉक्टरांच्या चिठ्ठीने येणारे थोडे.

कोणाला पाठवावे, हा प्रश्न आपण विचाराल. १९९१ साली अमेरिकेत ठरलेली रेषा बीएमआय ४० ची, किंवा सहव्याधी असल्यास ३५ ची होती. २०२२ मध्ये शल्यचिकित्सकांच्या दोन संघटनांनी, एका अमेरिकी आणि एका आंतरराष्ट्रीय, ती खाली आणली : ३५ च्या पुढे सहव्याधी असो वा नसो शस्त्रक्रियेची शिफारस करावी, मधुमेहासारखा चयापचयाचा आजार असल्यास ३० पासून तिचा विचार करावा, आणि आशियाई लोकांसाठी या रेषा आणखी खाली धराव्यात. आशियाई शरीराचा हा मुद्दा पुण्यात तरी कोणाला नव्याने सांगावा लागू नये. केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन यडकिन या दोघांचा बीएमआय नेमका सारखा, २२.३ होता, पण शरीरातील चरबी यडकिन यांच्यात ९.१ टक्के आणि याज्ञिक यांच्यात २१.२ टक्के निघाली. दोघांच्या छायाचित्रासह ही नोंद २००४ साली ‘लॅन्सेट’मध्ये छापून आली. सडपातळ दिसणाऱ्या आपल्या माणसाच्या पोटात चरबी लपलेली असते, आणि त्यामुळे ‘अजून तेवढे वजन कुठे आहे’ हा दिलासा आपल्याकडे फसवा ठरतो.

प्रत्यक्षात सांगायचे तर, १६० सेंटिमीटर उंचीच्या बाईचे वजन ९० किलो झाले की तिचा बीएमआय ३५ ओलांडतो. अशा बाया आपल्या दवाखान्यात रोज येतात, पण सर्दीसाठी, गुडघ्यासाठी किंवा पाळीच्या तक्रारीसाठी. पाठवणे म्हणजे शस्त्रक्रिया ठरवणे नव्हे, हेही स्पष्ट करते. तपासणीनंतर आमचे पथक काही जणांना नाही म्हणते, काहींना आधी थायरॉईड किंवा मानसिक आजारावर उपचार घ्यायला सांगते, काहींना सहा महिने थांबवते. अनियंत्रित व्यसन असलेला, नंतरच्या तपासण्यांना येण्याची तयारी नसलेला किंवा केवळ लग्नाआधी बारीक दिसायचे म्हणून आलेला माणूस या शस्त्रक्रियेसाठी नाही. चरबी शोषून काढण्याची सौंदर्यशस्त्रक्रिया ही तर वेगळीच गोष्ट आहे. लोक दोन्हींची गल्लत करतात, आपण तरी करू नये.

विम्याचा भाग रुक्ष असला तरी तो आपल्या लेखणीशी जोडलेला आहे. विमा नियामक प्राधिकरणाने २०१९ मध्ये आरोग्य विम्यातील अपवादांची भाषा प्रमाणित केली. तिच्यानुसार ज्या शस्त्रक्रियेचा खर्च नाकारता येत नाही तिच्यासाठी रुग्णाचे वय किमान १८, डॉक्टरांचा सल्ला, वैद्यकीय संहितेचा आधार, आणि बीएमआय ४० किंवा अधिक लागतो. ३५ च्या पुढे असल्यास स्थूलतेमुळे झालेला हृदयस्नायूचा विकार, हृदयाच्या रक्तवाहिन्यांचा आजार, तीव्र स्लीप ॲप्निया (झोपेत श्वास अडखळणे) किंवा आटोक्यात नसलेला टाइप २ मधुमेह यांपैकी एक हवा, आणि कमी आक्रमक उपाय करून ते फसलेले असावेत. ही रेषा भारतीय शरीराला न्याय देत नाही असे माझे स्पष्ट मत आहे, पण ती बदलेपर्यंत तिच्यातच काम करावे लागेल. उपाय फसल्याचा पुरावा कोठून यायचा? तो आपल्या केसपेपरवरूनच येतो. तारीख, उंची, वजन, कोणता आहार सांगितला, तीन महिन्यांनी किती फरक पडला, एवढ्या चार ओळी आपल्या सही-शिक्क्यासह असतील तर रुग्णाच्या हातात भक्कम कागद येतो. खासगी रुग्णालयात ही शस्त्रक्रिया काही लाखांच्या घरात जाते, आणि मेडिक्लेम नाकारला गेला की ती बहुतेक मध्यमवर्गीय घरांत तिथेच संपते.

पण उंची-वजनाची नोंद होण्यासाठी काटा हवा. कित्येक दवाखान्यांतले काटे १२०-१३० किलोंवर थांबतात, आणि रुग्णाला ‘तुमचे वजन आमच्या काट्यावर होत नाही’ असे चारचौघांत ऐकावे लागते. तो पुन्हा काट्यावर चढत नाही, आणि पुष्कळदा दवाखान्याची पायरीही चढत नाही. रक्तदाबाचा मोठा कफ ठेवणे हा आणखी एक स्वस्त उपाय. जाड दंडाला लहान कफ बांधला की दाब खोटाच जास्त दिसतो आणि गोळी वाढते. घोरण्याविषयी आणि दिवसा येणाऱ्या डुलक्यांविषयी विचारावे. घरच्यांना तो थट्टेचा विषय वाटतो, पण रात्री श्वास अडखळत असलेला ट्रक किंवा एसटी चालवणारा माणूस स्वतःसाठी आणि रस्त्यावरच्या इतरांसाठीही धोका असतो.

आपल्या मनात या शस्त्रक्रियेविषयी जी धास्ती आहे तिला आमच्या क्षेत्रानेही खतपाणी घातले आहे. फेब्रुवारी २०१७ मध्ये इजिप्तमधील एका अतिस्थूल महिलेला मालवाहू विमानाने मुंबईत आणले गेले. क्रेनने उचललेल्या तिच्या पलंगाची दृश्ये दिवसभर वाहिन्यांवर फिरत होती. किती किलो उतरले याचे आकडे जाहीर होत राहिले, पुढे कुटुंब आणि रुग्णालय यांच्यात जाहीर वाद झाला, तिला अबू धाबीला नेण्यात आले आणि त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये ती तिथे वारली. अत्यंत गुंतागुंतीच्या, अर्धांगवायूने अंथरुणाला खिळलेल्या त्या रुग्णावरून सामान्य रुग्णाचा धोका ठरवता येत नाही, परंतु लोकांच्या मनात ती क्रेनच राहिली. अनुभवी केंद्रांत या शस्त्रक्रियेतील मृत्यूचे प्रमाण हजारात एक ते तीन असे आढळते. पित्ताशय काढण्याच्या किंवा गुडघा बदलण्याच्या शस्त्रक्रियेच्या आसपासचेच हे प्रमाण आहे. धोका शून्य नाही. टाक्यांच्या रेषेतून गळती होऊ शकते, रक्तस्राव होऊ शकतो, पायातील रक्ताची गुठळी फुफ्फुसात जाऊ शकते, स्लीव्हनंतर छातीतील जळजळ वाढू शकते आणि काही वर्षांनी थोडे वजन परतही येते. हे सारे रुग्णाला आपण सांगितलेले बरे, कारण आमच्यापेक्षा त्याचा आपल्यावर अधिक विश्वास असतो.

आठवड्यातून एकदा घ्यायच्या सुईबद्दल आता रोज विचारणा होत असणार. टिर्झेपॅटाइड आणि वजनासाठीचे सेमाग्लुटाइड ही औषधे २०२५ मध्ये भारतात आली. मोठ्या चाचण्यांत सेमाग्लुटाइडने सुमारे १५ टक्के आणि टिर्झेपॅटाइडच्या सर्वांत मोठ्या मात्रेने सुमारे २१ टक्के वजन उतरले. ती खरोखर चांगली औषधे आहेत आणि ज्यांना शस्त्रक्रिया नको किंवा करता येत नाही त्यांच्यासाठी मोठा आधार आहेत. मात्र सेमाग्लुटाइड थांबवल्यावर वर्षभरात उतरलेल्या वजनापैकी दोन-तृतीयांश परत आल्याचे दिसले आहे. सुई कायम घ्यावी लागेल, हे पहिल्याच दिवशी न सांगता ती सुरू करणे मला योग्य वाटत नाही. बीएमआय ४५ असलेल्या रुग्णाला सुईने तेवढा फरक पडेलच असेही नाही. हे दोन उपचार एकमेकांचे शत्रू नाहीत, काही रुग्णांना दोन्ही लागतात.

आता या पत्राच्या मुख्य विनंतीकडे वळते. शस्त्रक्रियेनंतर रुग्ण आपल्या गावी परततो. तिथून पुढच्या तक्रारी तो आपल्याकडे आणतो, कारण पुणे किंवा मुंबई लांब असते आणि ‘एवढ्यासाठी कुठे जायचे’ असे त्याला वाटते. त्यांतल्या काही तक्रारी नेहमीच्या भासतात, पण नेहमीच्या नसतात.

सर्वांत महत्त्वाची तक्रार उलटीची. शस्त्रक्रियेनंतरच्या पहिल्या दोन-तीन महिन्यांत रुग्णाला सतत उलट्या होत असतील, तो अशक्त झाला असेल, तर आपला हात सहजच सलाईनकडे जातो आणि बाटली बहुधा डेक्स्ट्रोजची असते. थायमिनचा, म्हणजे बी-१ जीवनसत्त्वाचा शरीरातील साठा दोन-तीन आठवड्यांतच संपतो. उलट्यांनी तो आधीच रिकामा झालेला असतो आणि त्यावर ग्लुकोज चढवले की उरलेसुरले थायमिन ते जाळण्यात खर्ची पडते. मग रुग्णाला दोन-दोन दिसू लागते, डोळे थरथरतात, चालताना तोल जातो, बोलणे विसंगत होते. हा वेर्निके विकार आहे. वेळेत ओळखला तर तो बरा होतो, उशीर झाला तर स्मृती आणि चाल यांवर कायमचा परिणाम राहतो. शस्त्रक्रिया उत्तम झालेली, वजन झपाट्याने उतरत असलेले, घरचे खूश, आणि केवळ थायमिनच्या एका स्वस्त इंजेक्शनाअभावी तरुण बाई भिंतीचा आधार घेत चालते आहे, हे दृश्य माझ्या कामातले सर्वांत क्लेशदायक आहे. म्हणून आधी थायमिन, मग ग्लुकोज. विकाराचा संशय असल्यास थायमिन मोठ्या मात्रेत शिरेतूनच द्यावे, रक्ताच्या अहवालाची वाट पाहू नये आणि रुग्णाला त्याच दिवशी पुढे पाठवावे. उलट्या का होत आहेत, कुठे अरुंदी आली आहे का, हे दुर्बिणीने पाहावेच लागते.

पहिल्या काही दिवसांत नाडी १२० च्या पुढे राहिली तर ताप नसला, पोट मऊ असले तरी गळती नाही असे धरू नये. जाड पोटाच्या रुग्णात पोट कडक झालेले हाताला उशिरा कळते, नाडी आधी सांगते. उलट टोकाला, बायपास होऊन दोन-तीन वर्षे झालेला, वजन छान उतरलेला रुग्ण अधूनमधून जेवणानंतर कळ येते म्हणून आला, तर ॲसिडिटीचे इंजेक्शन देऊन घरी पाठवू नये. चरबी कमी झाल्याने आतल्या पडद्यांमध्ये फटी मोकळ्या होतात आणि त्यांत आतडे अडकू शकते. साधा एक्स-रे आणि सोनोग्राफी यांत ते दिसेलच असे नाही. झपाट्याने वजन उतरताना पित्ताशयात खडे होतात, तीही शक्यता ध्यानात ठेवावी.

गुडघे आणि कंबर दुखते म्हणून डायक्लोफेनॅक किंवा ब्रुफेन देणे ही रोजचीच बाब. बायपासच्या रुग्णात मात्र जोडाच्या जागी अल्सर होण्याचे ते मोठे कारण आहे, आणि तंबाखू हे दुसरे. तिथे पॅरासिटामॉलवर भागवावे आणि मशेरीविषयी स्पष्ट विचारावे, कारण ‘तंबाखू खाता का’ या प्रश्नाला मशेरी लावणाऱ्या आजी सहज नाही म्हणतात.

मधुमेहाच्या आणि रक्तदाबाच्या जुन्या गोळ्यांकडेही लक्ष द्यावे. खाणे एकदम घटलेले असताना ग्लिमेपिराइड किंवा इन्सुलिन जुन्याच मात्रेत चालू राहिले तर साखर धोकादायकरीत्या खाली जाते. लघवी वाढवणारी रक्तदाबाची गोळी आणि पाण्याची कमतरता एकत्र आली की रुग्ण उठताना कोसळतो. आमच्याकडून गोळ्या कमी केलेल्या असतात, पण घरात जुन्या पाकिटांचा साठा असतो आणि ‘साखरेची गोळी चुकवायची नाही’ हे आपणच त्याला वर्षानुवर्षे शिकवलेले असते.

गोड खाल्ल्यावर अर्ध्या तासात घाम, धडधड, पोटात मुरडा आणि झोप येणे याला आम्ही डंपिंग म्हणतो. उसाचा रस, बासुंदी किंवा लग्नातली जिलेबी हे त्याचे नेहमीचे निमित्त. काहींना खाल्ल्यानंतर एक ते तीन तासांनी साखर खाली जाऊन चक्कर येते. दोन्ही प्रसंगी घरचे लोक ग्लुकोज पावडरचे पाणी पाजतात आणि चक्र पुन्हा सुरू होते. साखर खरोखर उतरली असेल तर थोडे गोड द्यावेच लागते, पण त्याच्या पाठोपाठ प्रथिने असलेले काही द्यावे आणि त्या जेवणात काय होते हे विचारावे. याच कारणाने बायपास झालेल्या गर्भवतीला ग्लुकोज पाजून करायची मधुमेहाची चाचणी देऊ नये, काही दिवस घरी साखर मोजून पाहावी.

गर्भधारणेचा उल्लेख आलाच आहे. वजन उतरताच पाळी नियमित होते आणि ज्या बाईला वर्षानुवर्षे दिवस राहत नव्हते तिला अनपेक्षितपणे राहतात. शस्त्रक्रियेनंतर किमान १२ ते १८ महिने गर्भधारणा टाळायची असते, आणि तोंडावाटे घ्यायच्या गर्भनिरोधक गोळीवर बायपासनंतर पूर्ण विसंबता येत नाही. सासरच्या मंडळींना हे डॉक्टरांनी सांगितले तरच पटते. आहारतज्ज्ञाचे ऐकतातच असे नाही.

आहाराविषयी मी पानेच्या पाने लिहू शकेन, पण आवरते घेते. रुग्णाला दिवसाला ६० ते ८० ग्रॅम प्रथिने लागतात आणि पोटात एका वेळी जेमतेम वाटीभर अन्न मावते. त्या वाटीत भात आणि पातळ वरण भरले तर गणित जमत नाही. आधी अंडे, मासा, चिकन, पनीर, घट्ट दही, मुगाचे धिरडे किंवा मटकीची मऊ उसळ, आणि जागा उरली तर चतकोर भाकरी, असा क्रम आम्ही सांगतो. जेवताना पाणी नाही, ते अर्ध्या तासाने. श्रावणातले सोमवार आणि चतुर्थ्या आल्या की साबुदाण्याची खिचडी येते, जिच्यात प्रथिने दाण्याच्या कुटापुरतीच. ‘यंदा उपवास राहू दे, ताक आणि पनीर घे’ असे आपण म्हणालात तर बायकांना अपराधी वाटत नाही. देवाचे काम आहे, तिथे डॉक्टरांचा शब्द चालतो.

जीवनसत्त्वे आजन्म घ्यावी लागतात, आणि हेच सर्वांत आधी सुटते. वजन उतरले, साखर बरी झाली, आता गोळ्या कशाला, असा विचार दुसऱ्या वर्षी येतो. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ च्या फेरीत १५ ते ४९ वयोगटातील ५७ टक्के भारतीय स्त्रियांना रक्तक्षय आढळला होता. त्यांच्यातल्याच एकीच्या जठराचा मोठा भाग काढला आणि लोह बंद केले तर काय होईल, हे वेगळे सांगायला नको. लोहाची गोळी चहाबरोबर घेऊ नये, कॅल्शियमही वेगळ्या वेळी घ्यावे, आणि शक्य तिथे कॅल्शियम सायट्रेट निवडावे, कारण ते आम्लाविनाही शोषले जाते. शाकाहारी घरांत बी-१२ आधीच कमी असते. एरवी अशक्तपणा म्हटला की सर्रास दिले जाणारे बी-१२ चे इंजेक्शन इथे मात्र खरोखर लागते, म्हणून ते नियमाने द्यावे. वर्षातून एकदा हिमोग्लोबिन, फेरिटिन, बी-१२, ड जीवनसत्त्व, कॅल्शियम आणि पॅराथायरॉईड संप्रेरक तपासावे. पायांना मुंग्या येत असल्यास ‘साखरेमुळे असेल’ यावर थांबू नये.

मनाकडेही एखादा प्रश्न जाऊ द्यावा. शस्त्रक्रियेनंतर बहुतेकांची उमेद वाढते, पण काहींची वाढत नाही. खाण्याचा आधार गेलेला माणूस कधी दारूकडे वळतो, आणि बायपासनंतर दारू पूर्वीपेक्षा लवकर व जास्त चढते. स्वतःला इजा करण्याचे प्रमाण शस्त्रक्रियेनंतर काहीसे वाढलेले अनेक अभ्यासांत दिसले आहे, त्यामुळे वजन छान उतरलेल्या माणसाचे गप्प होणे दुर्लक्षित करू नये.

यात रुग्णालयांचाही वाटा आहे, आणि तो मी झाकणार नाही. डिस्चार्ज कार्डवर शस्त्रक्रियेचे इंग्रजी नाव आणि स्टेपलरचे तपशील असतात. गावातल्या डॉक्टरांना ज्याचा उपयोग होईल ते, म्हणजे बायपास झाला की स्लीव्ह, कोणत्या गोळ्या बंद केल्या, कोणत्या टाळायच्या, उलटी झाली तर काय द्यायचे आणि रात्री कोणाला फोन करायचा, हे फार थोड्या ठिकाणी लिहिलेले असते. रुग्णाने असे कार्ड आणले नाही तर आपण ते मागून घ्यावे, रुग्णालयाला फोन करून मागावे, आणि उत्तर टाळणाऱ्या केंद्राकडे पुढचा रुग्ण पाठवू नये. रुग्ण कुठे पाठवायचा हे आपल्या हाती आहे. शस्त्रक्रियेनंतर पाच वर्षांनी किती रुग्ण तपासणीला येतात, हा प्रश्न आपण प्रत्येक केंद्राला विचारू लागलात तर दरपत्रकापेक्षा त्या उत्तराला किंमत येईल. रुग्ण पाठवल्याबद्दल कोणी पाकीट पुढे केले तर ते केंद्रही त्याच कारणासाठी यादीतून काढावे.

इंडियन मेडिकल असोसिएशनच्या (आयएमएच्या) तालुका आणि जिल्हा शाखांच्या मासिक सभांत मधुमेह आणि हृदयविकार यांवर व्याख्याने होतच असतात. त्यांतील एक सभा या विषयाला द्यावी आणि व्याख्यानाला शल्यचिकित्सकाबरोबर आहारतज्ज्ञ आणि शस्त्रक्रियेला पाच-सात वर्षे झालेला एखादा रुग्णही बोलवावा, अशी माझी विनंती आहे. मानधन नको, प्रवासखर्च आमचा आम्ही करू. वर लिहिलेल्या औषधांची आणि धोक्याच्या लक्षणांची मराठीतील दोन पानी टिपणी मी तयार केली आहे. ज्या शाखेला हवी असेल तिला सभेच्या वेळी तिच्या प्रती देईन, म्हणजे त्या दवाखान्यातल्या टेबलाच्या काचेखाली ठेवता येतील.

आपली नम्र,
बॅरिॲट्रिक पथकातील एक आहारतज्ज्ञ
पुणे